प्रौढांच्या हिशोब वर्गासाठी सॉफ्टवेअर परवडतं का? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ हिशोबाचा वर्ग चालवतो. बचत गटाचे हिशोब लिहिणाऱ्या ताई येतात, मोंढ्यातल्या आडतीवर वीस वर्षं वही लिहिलेले मुनीम येतात, कृषी सेवा केंद्रवाले येतात. बारावीनंतर लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या सुनाही येतात. परभणी, बीड, हिंगोली, धाराशिवकडून संस्थाचालकांचे फोन असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न पैशांचा असतो, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

वर्ग सुरू करायचा तर टॅलीचं लायसन आधी घ्यावंच लागतं का?

नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी गावांत वर्ग सुरूच झालेले नाहीत, त्यामुळे आधी हेच सांगतो.

टॅली हे हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर आहे. त्याची टॅलीप्राइम ही आवृत्ती कंपनीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येते. पहिल्यांदा उघडल्यावर लायसन विचारतं, तिथेच ‘एज्युकेशनल मोड’मध्ये पुढे जाण्याचा पर्याय असतो. तो निवडला की पैसे न भरता, कायदेशीरपणे, हव्या तितक्या संगणकांवर शिकता-शिकवता येतं. मुदत संपत नाही. कंपनी तयार करणं, खाती उघडणं, माल, व्हाउचर (म्हणजे एकेका व्यवहाराची नोंद), जीएसटीची मांडणी, ताळेबंद, सगळं शिकवता येतं. अडचण एकच. व्हाउचरची तारीख फक्त महिन्याची १, २ आणि ३१ टाकता येते.

खऱ्या दुकानाचा कारभार या मोडवर चालवता येत नाही, आणि चालवूही नये. तो शिकण्यासाठी दिलेला आहे.

तीनच तारखा? मग सराव कसा होणार?

आम्हालाही आधी हाच प्रश्न पडला होता. मग आम्ही पाठच त्या बेताने बसवले. सरावाचा संच लिहिताना एका ‘महिन्या’त फार तर पंधरा-वीस व्यवहार ठेवतो. भांडवल आणि सुरुवातीची खरेदी १ तारखेला, विक्री आणि वसुली २ तारखेला, पगार, भाडं, वीजबिल ३१ तारखेला. एप्रिलला ३१ तारीख नसते, म्हणून आमच्या संचातले महिने मे, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर असे असतात. टॅलीत प्रत्येक नोंदीची कळ ठरलेली असते. एफ४ म्हणजे बँकेत भरणा किंवा काढणं, एफ५ पैसे देणं, एफ६ पैसे येणं, एफ७ जर्नल (रोख-बँकेत न बसणारी किंवा दुरुस्तीची नोंद), एफ८ विक्री, एफ९ खरेदी. बोटांना याची सवय तीन तारखांतही तितकीच पक्की होते.

काही गोष्टी मात्र या मोडमध्ये नीट कळत नाहीत. उधारीला किती दिवस झाले, व्याज कुठपासून लागलं, रोज संध्याकाळी गल्ल्यात किती शिल्लक हवी होती, हे कळायला सलग तारखा लागतात. तेवढा भाग आम्ही आधी वहीवर करून घेतो आणि मग पूर्ण मोफत असलेल्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवर.

पूर्ण मोफत, कसलीच मर्यादा नसलेलं काय आहे?

आम्ही वापरून पाहिलेली सांगतो.

जीएनयूकॅश १९९८ पासून आहे. मुक्त स्रोत, म्हणजे कुणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारं. दुहेरी नोंद पद्धत (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे दोन्हीकडे) काटेकोर, जुन्या संगणकावरही चालतं आणि इंटरनेट लागत नाही. मराठी भाषांतर काही अंशी आहे. जमा-नावे शिकवायला याच्याइतकं स्वच्छ साधन मला दुसरं मिळालं नाही. पण आपल्या जीएसटीचा साचा त्यात तयार नसतो, करांची खाती हाताने उघडावी लागतात. शिकणाऱ्यासाठी तेही चांगलंच.

जीएनयूखाता खास भारतासाठी बनलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, मुंबईच्या डिजिटल फ्रीडम फाउंडेशनच्या पुढाकारातून उभं राहिलेलं. ते ब्राउझरमध्ये चालतं. त्याचं काम पुढे नेणारे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन, त्यामुळे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या साधनांचा विचार त्यात मुळापासून आहे. वर्गात कुणी दृष्टिबाधित असेल तर आधी हे पाहा.

मॅनेजर या सॉफ्टवेअरची संगणकावर बसवायची आवृत्ती मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालते. दिसायला सोपं आहे, नवख्या माणसाला भीती वाटत नाही. ईआरपीनेक्स्टही मुक्त स्रोत आहे आणि मुंबईतच घडलेलं आहे, पण पहिल्या तीन महिन्यांच्या वर्गासाठी ते जड जातं.

आणि लिबरऑफिस कॅल्क विसरू नका. आमचे पहिले आठ दिवस त्यातच जातात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे मराठी पाठ मोफत मिळतात.

पण नोकरी देणारा तर ‘टॅली येतं का’ एवढंच विचारतो. बाकी शिकून उपयोग काय?

खरं आहे. मोंढ्यात, जालन्याच्या कारखान्यांत, वाळूजच्या कंपन्यांत तेच विचारतात. म्हणून शेवटचा दीड महिना आमच्याकडेही टॅलीच असतं. पण कळ कुठली दाबायची हे येऊन हिशोब येत नाही. वर्गातलीच गोष्ट सांगतो.

एका ताईंना सोयाबीन खरेदीची पट्टी दिली होती. १० क्विंटल, भाव ४,२०० रुपये, एकूण ४२,०००. हमाली-तोलाई २५० वजा, कास्तकाराला द्यायचे ४१,७५०. ताईंनी खरेदी ४१,७५० ची टाकली. मशीनने काही हरकत घेतली नाही, दोन्ही बाजू जुळल्या. मी विचारलं, ‘‘ताई, माल कितीचा आला?’’ त्या म्हणाल्या, ‘‘बेचाळीस हजाराचा.’’ मग पट्टीकडे बघत बसल्या आणि त्यांनीच विचारलं, ‘‘सर, मग हे अडीचशे कुणाच्या नावावर टाकू?’’

तिथे खरा पाठ सुरू झाला. ते अडीचशे व्यापाऱ्याचं उत्पन्न नाही. हमाल-मापाड्यांना द्यायचे आहेत, तोवर ते देणं आहे. खरेदी खाते नावे ४२,०००, कास्तकाराचं खातं जमा ४१,७५०, हमाली-तोलाई देणे जमा २५०. हे एकदा डोक्यात बसलं की टॅली असो, जीएनयूकॅश असो, लाल वही असो, माणूस अडत नाही. आणि हे शिकवायला एक रुपयाचंही सॉफ्टवेअर लागत नाही.

जुने मुनीम इथे वर्गाला फार मोलाचे ठरतात. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द त्यांच्या तोंडात असतात. ‘ट्रायल बॅलन्स म्हणजे आपली तेरीज, सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी’ असं एका काकांनी फळ्याजवळ उभं राहून सांगितलं, तेव्हा आठवडाभर अडलेल्या चार जणी एका दमात पुढे गेल्या. असे काका तुमच्या गावातही आहेत. त्यांना फी मागू नका, मानधन द्या.

जीएसटी पोर्टलवर मोफत सॉफ्टवेअर मिळतं असं ऐकलं. ते वर्गाला चालेल का?

मिळतं, पण ते छोट्या करदात्यांसाठी आहे. वार्षिक उलाढाल दीड कोटींच्या आत असलेल्या नोंदणीकृत व्यावसायिकांना जीएसटी नेटवर्कने निवडक कंपन्यांची हिशोब आणि बिलिंगची सॉफ्टवेअरं मोफत उपलब्ध करून दिली आहेत. ही सोय २०१९ पासून आहे. वर्गाला ते थेट घेता येत नाही. तुमच्या विद्यार्थ्यांत जीएसटी क्रमांक असलेले दुकानदार असतील तर त्यांना मात्र जरूर सांगा. आमच्या एका कृषी सेवा केंद्रवाल्याने वर्ग संपल्यावर हेच केलं.

विवरणपत्रांचं ऑफलाइन साधनही पोर्टलवर सगळ्यांना मोफत आहे. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, कसं भरतात हे दाखवायला ते पुरतं.

एक सावधगिरी. बाजारात मिळणारी जुनी पुस्तकं आणि यूट्यूबवरचे जुने पाठ आता जसेच्या तसे चालत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले आणि मुख्यतः ५ आणि १८ उरले. ट्रॅक्टर आणि ठिबक संच १२ वरून ५ वर आले. आपल्याकडच्या दुकानदाराला नेमकं हेच रोज लागतं. डाळीचंही तसंच. २५ किलोपर्यंतच्या, आधीच पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के, सुट्या डाळीवर नाही. लातूरच्या डाळमिलमध्ये कामाला जाणाऱ्या मुलीला हा फरक पहिल्याच दिवशी विचारला जाईल.

ऑनलाइन, क्लाउडवरचं सॉफ्टवेअर घेतलं तर?

शिकवायला जपून वापरा. सोळा जण एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसले की पडदा नुसता फिरत राहतो. शिवाय ‘चौदा दिवस मोफत’चे चौदा दिवस सुट्ट्या आणि लग्नसराईतच संपतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. क्विकबुक्स ही जगभर चालणारी सेवा २०२३ मध्ये भारतातून बंद झाली. ज्यांनी सगळा हिशोब तिथे ठेवला होता त्यांना तो मुदतीत उतरवून दुसरीकडे न्यावा लागला. म्हणून आम्ही क्लाउडचा एकच तास घेतो आणि त्यात आपला डेटा बाहेर कसा काढायचा, हेच आधी शिकवतो.

ओळखीचा माणूस पाचशे रुपयांत फुल व्हर्जन टाकून देतो म्हणतो. घ्यायचं का?

घेऊ नका. मनापासून सांगतो.

सुरुवातीच्या काळात मी ज्या ठिकाणी शिकवायला जात होतो, तिथे सगळ्या संगणकांवर असंच ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर होतं. एका सोमवारी मशीन उघडली तर एकाही फाइलचं नाव वाचता येईना. विद्यार्थ्यांचा सगळा सराव गेला. त्यातल्या एका बाईंनी गटाचा खरा हिशोबही तिथेच भरला होता, तोही गेला. गटाच्या बैठकीत त्या काय सांगणार होत्या? पुढचे दहा दिवस आम्ही दोघांनी बसून पासबुकं आणि पावत्यांवरून तो पुन्हा उभा केला. त्यानंतर मी ठरवलं, माझ्या वर्गात चोरीची प्रत येणार नाही.

कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे माहीत असूनही संगणक प्रणालीची बेकायदा प्रत वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या माणसाला दुसऱ्याचे पैसे चोख सांभाळायला शिकवायचं त्याला पहिल्या दिवशी चोरीच्या वस्तूवर बसवायचं, हे मला पटत नाही. त्यात मोफत आणि कायदेशीर रस्ते असताना तर नाहीच.

मग विकतचं लायसन कधी घ्यायचं आणि कोणतं?

दोन-तीन बॅच झाल्यावर. टॅलीचं सिल्व्हर लायसन एका संगणकासाठी असतं, गोल्ड एकाच जागेतल्या जोडलेल्या अनेक संगणकांसाठी. छोट्या केंद्राने एक सिल्व्हर घेऊन ते शिक्षकाच्या संगणकावर ठेवावं, बाकी संगणकांवर एज्युकेशनल मोड. सगळ्या तारखांचा व्यवहार पडद्यावर दाखवायचा असेल तर शिक्षकाच्या मशीनवर दाखवता येतो. महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या भाड्यानेही लायसन मिळतं, कोर्सच्या शेवटच्या महिन्यापुरतं तेच स्वस्त पडतं. भाव ऐकताना १८ टक्के जीएसटी धरून विचारा, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाला किती लागतील तेही आत्ताच विचारून घ्या.

संगणक जुने आहेत, लाइट जाते. काय करावं?

टॅलीप्राइमला ६४ बिटचं विंडोज लागतं, तेवढं आधी तपासा. ज्या मशीनवर ते बसत नाही तिथे लिनक्स टाकून जीएनयूकॅश आणि लिबरऑफिस चालवा. दोघांत एक संगणक असला तरी चालतं. एक जण पावती वाचतो, दुसरा नोंद करतो, अर्ध्या तासाने जागा बदलायची. यात चुका जास्त सापडतात, असा माझा अनुभव आहे.

पैसे थोडेच असतील तर ते लायसनपेक्षा यूपीएसवर आणि दोन जुन्या लॅपटॉपवर घाला. लाइट गेल्यावर वर्ग बंद पडला की लांबच्या वाडीहून आलेली बाई दुसऱ्या दिवशी येईलच असं नाही.

फी भरायची ऐपत नाही. मोफत कुठे शिकता येईल?

आधी जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत जा. ती अग्रणी बँक चालवते. प्रशिक्षण मोफत, राहण्या-जेवणाची सोय असते आणि नंतर कर्जासाठी पाठपुरावाही करतात. संगणकीय हिशोबाची बॅच कधी आहे ते विचारून नाव लिहून ठेवा. शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थान आहे. मराठा आणि कुणबी समाजातल्या तरुणांना सारथी या सरकारी संस्थेच्या मदतीने एमकेसीएलच्या केंद्रांतून मोफत संगणक पदविका करता येते. इतर समाजांसाठी बार्टी, महाज्योती यांच्या जाहिराती पाहत राहा. बचत गटातल्या ताईंनी उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या तालुक्यातल्या कार्यालयात विचारावं. बचत गटांच्या प्रभाग संघाला हिशोब लिहिणाऱ्या बायांची गरज सतत असते.

आमची संस्था आहे. कंपन्यांच्या सीएसआरमधून मदत मिळेल का?

मिळू शकते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि रोजगाराचं कौशल्य शिकवणं त्या यादीत आहे. संस्थेकडे आयकर खात्याची १२-ए आणि ८०-जी नोंदणी हवी, शिवाय सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घेतलेला हवा. वाळूज आणि जालन्याच्या उद्योगांकडे जाताना ‘सॉफ्टवेअरसाठी पैसे द्या’ असं मागू नका. त्यांचे बदलून काढलेले संगणक मागा, शिक्षकाचं वर्षाचं मानधन मागा. सॉफ्टवेअरचा खर्च किती कमी करता येतो हे वर वाचलंच आहे. वर्ग बंद पडतो तो शिक्षक सोडून गेल्यामुळे.

इंग्रजी येत नाही, वय पंचेचाळीस. जमंल का?

जमतं. टॅलीचा पडदा मराठीत करता येतो आणि खात्यांची नावंही देवनागरीत लिहिता येतात. तरी मी पडदा इंग्रजीच ठेवतो, कारण नोकरीच्या जागी तो इंग्रजीच असतो. साठ-सत्तर शब्दांची यादी भिंतीवर लावली आहे, समोर मराठी अर्थ. पंधरा दिवसांत त्या यादीकडे कुणी पाहत नाही. पंचेचाळिशीच्या माणसाने घर चालवलेलं असतं, उधारी दिलेली-घेतलेली असते. वीस वर्षांच्या पोराला ‘येणं’ आणि ‘देणं’ समजावण्यात जो वेळ जातो तो इथे वाचतो. हात बसायला मात्र वेळ लागतो, तो त्यांना द्यावा.

शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा सोसायटीत काम करायचं तर आणखी काय शिकावं?

उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनीच असते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं आणि ती बंद न करता येणं सक्तीचं आहे. कोणी, कधी, काय बदललं ते लेखापरीक्षक पाहतो. त्यामुळे चुकलेलं व्हाउचर गुपचूप पुसायची सवय वर्गातच मोडा. आम्ही चूक दुरुस्त करायला जर्नल लिहून घेतो आणि कारणही लिहायला लावतो.

विविध कार्यकारी सोसायट्यांचं चित्र वेगळं आहे. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. तिचं सॉफ्टवेअर नाबार्डमार्फत एकच, देशभर सारखं आहे. सोसायटीने स्वतः काही विकत घ्यायचं नाही. गटसचिवाच्या हाताखाली काम करायचं असेल तर सभासदाचं कर्ज, व्याज आणि वसुलीचा हिशोब हातावर पक्का असला पाहिजे.

सरावाला गटाचा किंवा दुकानाचा खरा हिशोब आणला तर चालेल?

नाही. खाडाखोड करून नावं, आधार, पॅन, खाते क्रमांक काढलेल्या पावत्या आणा. आकडे खरे असले तरी चालतील.

घरी संगणक नाही. सराव कसा करायचा?

वहीवर. दोनशे पानी वही घ्या, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे, आणि रोज रात्री घरातला त्या दिवसाचा व्यवहार लिहा. दूध, किराणा, शेतातली मजुरी, गटाचा हप्ता. शेवटी शिल्लक काढा आणि डब्यातले पैसे मोजा. फरक आला तर लपवू नका, तसाच लिहून आणा. रविवारी सकाळी नऊ ते बारा केंद्र सरावासाठी उघडं असतं, जुन्या विद्यार्थ्यांनाही. त्या दिवशी फी नाही. येताना वही आणा, आधी ती पाहतो आणि मगच संगणक सुरू करतो.